पाळी जाण्याआधीची वर्षे

रजोनिवृत्ती म्हणजे स्त्रीच्या आयुष्यातील शेवटची पाळी, आणि ती खरोखरच शेवटची होती हे ठरण्यासाठी तिच्यानंतर सलग बारा महिने एकदाही पाळी न येता जावे लागतात. त्यामुळे ही घटना घडून गेल्यावर वर्षभराने तिची खात्री पटते. मात्र या शेवटच्या पाळीच्या आधी एक मोठा संक्रमणकाळ असतो, जो सरासरीने चार वर्षांचा, काहींच्या बाबतीत दोनच वर्षांचा तर काहींच्या बाबतीत आठ वर्षांपर्यंतचा असतो, आणि वैद्यकात ज्याला ‘पेरिमेनोपॉज’ म्हणतात तो हाच. पाश्चात्त्य देशांत शेवटची पाळी सरासरी एकावन्नाव्या वर्षाच्या आसपास येते, तर भारतीय स्त्रियांत ती शेहेचाळीस ते सत्तेचाळीस या वयात येते. सुश्रुतसंहितेत रज बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नासाव्या वर्षी क्षीण होते असे सांगितले आहे, आणि ‘पन्नाशीची गोष्ट’ ही लोकसमजूतही त्याच अंगाची आहे. पण आजच्या सरासरीचा हिशेब केला तर बदलांची सुरुवात चाळीस-बेचाळीसच्या घरात, म्हणजे स्त्री आणि तिच्या घरचे या विषयाचा विचारही करीत नसतात त्या वयात, होऊ शकते.

खानदेशातील जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत या वर्षांना स्वतंत्र ओळख मिळत नाही. अंगातून वाफा निघू लागल्या की त्याचा दोष खानदेशच्या उन्हाला किंवा ‘अंगातील उष्णते’ला दिला जातो, अंगावरून अधिक जाऊ लागले की ‘पिशवी खराब झाली’ असे निदान घरात, शेजारात आणि कधी कधी दवाखान्यातही होते. पहिल्या समजुतीमुळे उपचारच होत नाहीत आणि दुसरीमुळे नको इतका मोठा उपचार होतो. वास्तविक या वयातील बहुतेक बदलांचे मूळ बीजांडकोशात असते आणि त्याची शिक्षा मात्र गर्भाशयाला भोगावी लागते, हे समजून घेणे हा या प्रकरणाचा मुख्य विषय आहे.

बीजांडकोश म्हणजे गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, बदामाएवढ्या आकाराच्या दोन ग्रंथी. मुलगी जन्माला येते तेव्हा त्यांत दहा ते वीस लाख बीजांडे असतात, वयात येईपर्यंत त्यांपैकी तीन-चार लाखच उरतात, आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांत पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आतल्या आत विरून जातात. हा साठा नवीन भरला जात नाही. दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारे रसायन, सोडून बीजांडांना पक्व होण्याची सूचना देते. साठा कमी होत गेला की बीजांडकोशाकडून मिळणारा प्रतिसाद मंदावतो, मग पीयूषिका अधिक जोराने सूचना देऊ लागते. या चढ्या सूचनांमुळे एखाद्या महिन्यात बीजांड घाईने पक्व होते आणि इस्ट्रोजेन पूर्वीपेक्षाही जास्त तयार होते, एखाद्या महिन्यात काहीच घडत नाही. ‘चाळिशीनंतर हार्मोन कमी होतात’ हे विधान म्हणूनच संक्रमणाच्या सुरुवातीला लागू पडत नाही. त्या काळात इस्ट्रोजेन कमी होण्यापेक्षा अस्थिर होते.

यात आधी कमी पडते ते दुसरे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन. बीजांड बाहेर पडल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या पेशींपासून ते तयार होते, आणि गर्भाशयाच्या आतील अस्तराची वाढ आवरणे व ते वेळेवर झडू देणे हे त्याचे काम असते. ज्या महिन्यात बीजांड बाहेरच पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन नसते, इस्ट्रोजेन मात्र असते. अस्तर आवर न राहता जाड होत जाते आणि उशिराने, तुकड्यातुकड्यांनी, कधी गाठींसह आणि दहा-बारा दिवस झडत राहते. गर्भाशय निरोगी असूनही असे घडू शकते. या एका गोष्टीची माहिती नसल्यामुळे जेवढी गर्भाशये काढली गेली असतील तेवढी कर्करोगामुळेही काढावी लागली नसतील, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे आणि तो पुढे येईलच.

संक्रमणाचे टप्पे मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत २०११ साली अमेरिकेत झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत पक्की झाली आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. तिचा गाभा अगदी साधा आहे. लागोपाठच्या दोन पाळीचक्रांच्या लांबीत सात किंवा त्याहून अधिक दिवसांचा फरक पडू लागला आणि असा फरक पुन्हा पुन्हा दिसला, तर तो संक्रमणाचा आरंभीचा टप्पा. साठ किंवा त्याहून अधिक दिवस पाळी आली नाही, तर तो उत्तरार्ध, जो साधारण एक ते तीन वर्षे चालतो. हे ठरवण्यासाठी रक्ततपासणीपेक्षा तारखांची नोंद अधिक उपयोगाची ठरते. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रीमध्ये लक्षणे स्पष्ट असताना एफएसएचची तपासणी करण्याची गरज नसते, कारण ते प्रमाण आठवड्याआठवड्याला बदलते आणि आजचा आकडा पुढच्या महिन्याबद्दल काही सांगत नाही. ज्या घरात भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्या घरात त्याच पानावर पाळी सुरू झाल्याची व थांबल्याची तारीख आणि त्या दिवसांत किती कपडे किंवा पॅड बदलावे लागले याची खूण करता येते. असे सहा महिन्यांचे कागद घेऊन आलेल्या स्त्रीचे निदान डॉक्टरला निम्म्या वेळात करता येते.

या नोंदीत खानदेशात एक अडचण हमखास येते, ती सणांची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे रोट बसतात, चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, त्यातच घरची लग्ने असतात. अशा वेळी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. या गोळ्यांमध्ये बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते, जे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते, आणि ते पाळीच्या अपेक्षित तारखेआधी तीन दिवस सुरू करायचे असते. परंतु संक्रमणकाळात अपेक्षित तारीखच राहत नाही, म्हणून गोळी कधी उशिरा सुरू होते, कधी नको इतके दिवस चालते, आणि बंद केल्यावर होणाऱ्या मोठ्या रक्तस्रावाला नवा आजार समजले जाते. या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेल्या स्त्रियांनी ते परस्पर घेणे धोक्याचे असते. कानबाईच्या उत्सवात कोणी बसावे आणि कोणी नाही हा श्रद्धेचा प्रश्न इथे बाजूला ठेवला, तरी वर्षातून तीन-चार वेळा अशा गोळ्या घेणाऱ्या चाळिशीच्या स्त्रीच्या पाळीची नोंद वाचण्यायोग्य राहत नाही, एवढे खरे.

दुसरीकडे खानदेशातीलच एक सण या विषयात मदतीला येऊ शकतो. रजोनिवृत्तीच्या वयातील फरकाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिकतेवर अवलंबून असतो, म्हणजे आईची आणि थोरल्या बहिणींची पाळी कोणत्या वयात गेली हे स्त्रीच्या स्वतःच्या वयाचा अंदाज बांधण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात; त्या चार दिवसांत आईला हे विचारले जाणे अवघड नसावे. आईची पाळी चाळीस ते पंचेचाळीस या वयात गेली असेल तर लेकीने अधिक लवकर सावध राहावे, आणि कोणाचीही पाळी चाळिशीच्या आत बंद झाली असेल तर तो केवळ ‘लवकर गेलेला’ प्रसंग न मानता बीजांडकोशाचे अकाली निकामी होणे म्हणून तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा, कारण अशा स्त्रीला हाडे आणि हृदय यांच्या रक्षणासाठी बहुधा संप्रेरकांची पूर्तता करावी लागते. धूम्रपानामुळे रजोनिवृत्ती एक-दोन वर्षांनी अलीकडे येते, हेही यासोबत लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ऊन आणि वाफ

मे महिन्यात जळगाव व भुसावळ येथे तापमान पंचेचाळीस अंशांपुढे जाते, रात्रीही भिंती तापलेल्या राहतात, आणि केळीच्या बागेत, कापसाच्या वावरात किंवा चुलीपुढे काम करणाऱ्या स्त्रीला घाम येणे यात नवल वाटण्यासारखे काहीच नसते. त्यामुळे संक्रमणकाळातील वाफा, म्हणजे ज्यांना डॉक्टर ‘हॉट फ्लश’ म्हणतात त्या, इथे सहज दृष्टीआड होतात. मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचे तापमान एका पट्ट्यात स्थिर ठेवतो. इस्ट्रोजेनच्या चढउताराने त्यातील काही चेतापेशी अतिसंवेदनशील होतात आणि हा पट्टा अरुंद होतो. मग तापमानात किंचित वाढ झाली तरी मेंदू ती मोठी समजून त्वचेतील रक्तवाहिन्या फुलवतो आणि घाम सोडतो. पट्टा आधीच अरुंद झालेल्या शरीराला खानदेशचा उन्हाळा अधिक वेळा त्याच्या काठावर नेतो, म्हणून बाहेरची उष्णता ही वाफांचे कारण नसली तरी त्यांची संख्या वाढवणारी मात्र असते.

दोहोंतील फरक ओळखता येतो. वाफ छातीतून मानेकडे आणि चेहऱ्याकडे चढते, साधारण एक ते पाच मिनिटे टिकते, त्या वेळी छातीत धडधडते, आणि ओसरताना अनेकदा थंडी वाजते. त्याच खोलीत बसलेल्या दुसऱ्या कोणाला तसे काही होत नाही. सर्वांत निर्णायक पुरावा हिवाळ्याचा आहे. धुळ्यात जानेवारीत पारा कित्येकदा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, आणि अशा पहाटे जी स्त्री गोधडी फेकून घामाघूम उठते तिला ऊन लागलेले नसते. याउलट भर उन्हात काम करताना घाम थांबणे, त्वचा तापणे, बोलणे असंबद्ध होणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत आणि त्यांना वयाच्या खाती घालणे जिवावर बेतू शकते.

अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या आणि हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे माग ठेवणाऱ्या ‘स्वान’ अभ्यासात वाफांचा त्रास मध्यमानाने ७.४ वर्षे टिकलेला दिसला, आणि ज्यांना तो पाळी सुरू असतानाच लागला त्यांचा त्याहूनही अधिक काळ टिकला. ‘चार-सहा महिने काढायचे’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा दिलासा म्हणून नेहमी खरा ठरत नाही. सुती आणि सैल कपडे, पहाटे व सायंकाळी शेतकाम उरकणे, उन्हाच्या वेळी गरम चहा टाळणे, झोपण्याच्या जागी हवा खेळती ठेवणे यांनी सौम्य त्रास सुसह्य होतो. मिरचीच्या ठेच्याने वाफ चाळवते असे ज्या स्त्रीला नोंदीतून दिसेल तिने तो कमी करावा. सगळ्यांनीच तो सोडावा असे सांगण्यास काही आधार नाही, आणि खानदेशात असा सल्ला कोणी पाळेल अशी आशाही धरू नये.

सतत घाम, धडधड, वजनात बदल आणि थकवा ही लक्षणे थायरॉइडच्या बिघाडातही दिसतात, रात्रीचा घाम आणि ताप क्षयरोगातही असतो, म्हणून ‘हे वयाचेच आहे’ असे ठरवण्याआधी थायरॉइड, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब एवढे तरी एकदा पाहावे. भारतीय स्त्रिया वाफांपेक्षा सांधेदुखी, अंगदुखी आणि थकव्याची तक्रार अधिक करतात असे पाहण्यात येते. त्यामागे शरीर किती आणि दिवसभराचे कष्ट किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

पिशवीचा प्रश्न

संक्रमणकाळातील सर्वांत मोठा निर्णय रक्तस्रावाभोवती घेतला जातो, आणि महाराष्ट्राला या बाबतीत एक कटू अनुभव आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याच्या बातम्या २०१९ साली आल्यावर राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी तपासलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहा जणींमागे एकीचे. यातील अनेक स्त्रिया चाळिशीच्या आतील होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात याविषयीचे प्रश्न २०१५-१६च्या फेरीत प्रथम विचारले गेले, तेव्हा देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते आणि सुमारे दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या. अतिरक्तस्राव आणि वेदना हे त्यांचे सर्वांत मोठे सांगितलेले कारण होते. बीडचे आकडे खानदेशाला तसेच्या तसे लावणे योग्य नाही, पण चाळीसगाव आणि आसपासच्या तालुक्यांतूनही ऊसतोडीसाठी टोळ्या बाहेर पडतात, पाळीच्या दिवसांत काम बुडाले की खाडा कापला जातो, आणि मुले झाली, ऑपरेशन झाले, आता पिशवीचे काम संपले हा विचार जळगाव-धुळ्याच्या गावांतही तितकाच पक्का आहे. गर्भाशयाविषयी इतका निव्वळ उपयोगितेचा दृष्टिकोन इतर कोणत्याही अवयवाविषयी बाळगला जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्यांत राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. कागदावरची ही व्यवस्था खरी कसाला लागते ती स्त्री शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी कोणते प्रश्न विचारते त्यावर.

पहिला प्रश्न निदानाचा. ‘पिशवीला सूज’ हे निदान नव्हे. सोनोग्राफीत अस्तराची जाडी किती, फायब्रॉइड म्हणजे स्नायूंच्या साध्या गाठी आहेत का, असल्यास किती मोठ्या आणि कोणत्या जागी, हे सांगता आले पाहिजे. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर अनियमित व अधिक रक्तस्राव होत असेल तर अस्तराचा लहानसा तुकडा तपासणीस पाठवून कर्करोगाची शक्यता आधी दूर करावी लागते. अंगावरून पांढरे जाणे हे तर बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते गोळ्यांनी बरे होते. त्यासाठी गर्भाशय काढणे हा उपचार नाही, आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती घालून ते काढणे हा तर अपराधच मानला पाहिजे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची भीती असेल तर तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत दर पाच वर्षांनी मोफत तपासणीचा कार्यक्रम आहे. तिथे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पाहिले जाते आणि काही मिनिटांत निष्कर्ष मिळतो.

दुसरा प्रश्न पर्यायांचा. बीजांड न सुटल्यामुळे होणारा रक्तस्राव असेल तर प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे काही महिने देऊन चक्र सावरता येते. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घेऊन त्याचे प्रमाण पुष्कळ घटवता येते. आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक थोडे थोडे सोडणारी, तांबीसारखी गर्भाशयात बसवली जाणारी साधने अनेक वर्षे काम करतात, अस्तर पातळ ठेवतात आणि कित्येक स्त्रियांना शेवटच्या पाळीपर्यंत सुखरूप नेऊन सोडतात. या साधनाची किंमत काही हजारांत असते, म्हणून ते महाग वाटते. शस्त्रक्रिया, तिच्यासाठी काढलेले कर्ज आणि बुडालेले दीड-दोन महिन्यांचे काम यांच्याशी तुलना केल्यास हिशेब उलटतो. मोठे फायब्रॉइड, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव आणि कर्करोग ही गर्भाशय काढण्याची खरी कारणे आहेत, आणि ती असतील तेव्हा शस्त्रक्रिया टाळणेही चुकीचेच ठरते.

तिसरा प्रश्न, जो क्वचितच विचारला जातो, तो बीजांडकोशांचा: गर्भाशयाबरोबर तेही काढले जाणार का? केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते पण संप्रेरके बनत राहतात, जरी बीजांडकोशांचे काम अपेक्षेपेक्षा थोडे आधी मंदावण्याची शक्यता वाढते. दोन्ही बीजांडकोश काढले तर वर्षानुवर्षांचे संक्रमण एका दिवसात होते. पस्तिशीच्या स्त्रीला त्याच आठवड्यात वाफा सुरू होतात आणि हाडांची झीज दहा वर्षे आधी लागते. अशा स्त्रीची कैफियत ‘ऑपरेशन झाल्यापासून अंगात बळच राहिले नाही’ अशा शब्दांत गावोगाव ऐकू येते. तिला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा विचार व्हायला हवा, पण अनेकींच्या डिस्चार्ज कार्डावर काय काढले आणि काय ठेवले याचीच नोंद वाचता येत नाही. हे कार्ड आणि काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा अहवाल मागून घेऊन जपून ठेवणे हा रुग्णाचा हक्क आहे.

अधिक रक्तस्रावाचा दुसरा परिणाम रक्तक्षयाचा. २०१९-२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय होता, म्हणजे संक्रमणकाळात पाऊल ठेवतानाच निम्म्याहून अधिक स्त्रियांची शिल्लक कमी असते. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात. त्या चहाबरोबर न घेता लिंबू किंवा पेरूसोबत घेतल्यास अधिक लागू पडतात. परंतु साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर या सातपुडा व सह्याद्रीच्या कुशीतील तालुक्यांत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष पुष्कळ आढळतो, ज्यात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. अशा स्त्रीचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा असेलच असे नाही, आणि वारंवार रक्त दिले गेले असल्यास शरीरात लोह आधीच जास्त साठलेले असू शकते. म्हणून या भागातील स्त्रीने सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी.

हाडे, केळी आणि तीळ

इस्ट्रोजेन हाडांची झीज आवरून धरते, आणि शेवटच्या पाळीच्या सुमारे एक वर्ष आधीपासून पुढची दोन वर्षे ही झीज सर्वांत वेगाने होते. हाडांसाठी तयारी करायची ती म्हणूनच पाळी सुरू असताना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला १,००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. जळगावची केळी भौगोलिक मानांकन मिळालेली आणि पौष्टिक खरी, तिच्यात पोटॅशियम भरपूर असते, पण शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमहूनही कमी असते, त्यामुळे ‘हाडांसाठी केळी’ हा सल्ला निराधार आहे. ज्वारीची भाकरीही या बाबतीत गरीबच. कळण्याच्या भाकरीत उडीद मिसळल्याने प्रथिने वाढतात, कॅल्शियमची भर मात्र थोडी पडते. खरी भर घालणारे पदार्थ म्हणजे दूध, दही, ताक, हिरव्या पालेभाज्या, साक्रीच्या डोंगरपट्ट्यातील नागली, जिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि न सोललेले तीळ, ज्यांत ते शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमहून अधिक भरते. तिळाच्या सालीतील ऑक्झॅलेटमुळे त्यातील सगळे शरीराला मिळत नाही, तरी रोज दोन चमचे तिळाची चटणी कोणत्याही जाहिरातीतील पावडरीपेक्षा स्वस्त पडते. घरातील दूध आधी डेअरीला, मग मुलांना आणि उरले तर चहाला असा क्रम जिथे आहे, तिथे आहाराचा सल्ला एकट्या स्त्रीला देऊन भागत नाही.

शेतात राबणाऱ्या स्त्रीची हाडे श्रमाने आणि उन्हाने काही प्रमाणात राखली जातात. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दिवसभर सावलीत असणाऱ्या स्त्रीला मात्र चढणे-उतरणे, वजन उचलण्याचे व्यायाम आणि सकाळचे ऊन हे जाणीवपूर्वक करावे लागते.

संप्रेरक उपचारांविषयीची भीती बहुतांशी २००२ सालची आहे. त्या वर्षी अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे आठ रुग्ण अधिक दिसले आणि हृदयविकार व पक्षाघातही वाढलेले आढळले. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, म्हणजे त्या संक्रमणातून बाहेर पडून बारा-पंधरा वर्षे उलटलेल्या होत्या. पुढील विश्लेषणातून असे दिसून आले की साठीच्या आत आणि शेवटच्या पाळीपासून दहा वर्षांच्या आत, तीव्र त्रासासाठी सुरू केलेल्या उपचाराचा लाभ बहुतेक निरोगी स्त्रियांत धोक्यापेक्षा अधिक असतो. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, अन्यथा अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, यकृताचा गंभीर आजार किंवा निदान न झालेला रक्तस्राव असलेल्यांना हे उपचार वर्ज्य आहेत. त्यांच्यासाठी वाफा कमी करणारी काही नैराश्यविरोधी औषधे अल्प मात्रेत, गॅबापेंटिन आणि मनोवर्तन उपचार हे पर्याय राहतात. योनीतील कोरडेपणा आणि त्यामुळे होणारा संबंधाच्या वेळचा त्रास हा लाजेने सर्वांत अधिक लपवला जाणारा भाग असून त्यावर मलमाच्या स्वरूपातील स्थानिक इस्ट्रोजेन गुणकारी ठरते.

झोप मोडणे, चिडचिड आणि विनाकारण रडू येणे यांचा संबंध काही अंशी संप्रेरकांच्या चढउताराशी आणि काही अंशी सलग झोप न मिळण्याशी असतो. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्यांना या काळात ते पुन्हा येण्याची शक्यता अधिक असते. मन सतत खिन्न राहात असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. पाळी लांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत हाही गैरसमज आहे: नसबंदी न झालेल्या स्त्रीने पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधक वापरावे, आणि पाळी चुकल्यावर वयाचा तर्क लढवण्याआधी लघवीची तपासणी करावी.

तासाभरात पॅड किंवा कपडा भिजणे, मोठ्या गाठी पडणे, सात-आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती काढ्यांत वेळ न घालवता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागाकडे जावे. आणि एकदा बारा महिने पाळीविना पूर्ण झाले की त्यानंतर आलेले रक्त, मग तो एकच डाग का असेना, ‘पाळी परत आली’ असे समजू नये. त्यामागे बहुतेकदा साधेच कारण निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे पहिले लक्षणही तेच असते, म्हणून त्याची तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे.